निंबाच्या वळणाचा फॉर्म

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. पोलिसानं नाही, सरपंचानं नाही, माझ्या सख्ख्या भावानंही नाही! माझा माणूस दारू पिऊन गाडी चालवत नव्हता, हे मी चार वर्षं घसा कोरडा होईपर्यंत सांगत होती. समोरचा मान हलवायचा. पण "खरं आहे बाई" म्हणणारी मान वेगळी हलते आणि "बिचारी" म्हणणारी वेगळी, हे बायकांना बरोबर कळते.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. पण सरकारी कागदावर सगळ्यांनी घेतलं, मग मी कायला लाजू? नागोराव. पंचनाम्यात लिहिलं होतं, मयत नागोराव हा दारूच्या नशेत लुना चालवत निंबाच्या वळणावर चुकीच्या बाजूने आला आणि ट्रकखाली सापडला. खाली सही, शिक्का. पुरावा काय, तर पिशवीत दारूचा पव्वा सापडला. फुटलेला.

त्या पव्व्यात जवसाचं तेल होतं! आमच्या बैलाचं पोट फुगलं होतं, त्याला ते पाजायचं होतं. ढोराच्या डॉक्टरचा पत्ता नव्हता. म्हणून नागोराव भर दुपारी पांढरकवड्याला तेलघाणीवर गेले. घरात रिकामी बाटली नव्हती, तर रस्त्याच्या कडेला पडलेला पव्वा धुऊन घेतला. एवढीच गोष्ट. त्यांचा तेलकट सदरा घेऊन मी ठाण्यात गेली. म्हटलं, "घ्या वास! हे तेल आहे का दारू?" हवालदार म्हणाला, "बाई, तेल तं लुनाचंही असते."

माझ्या पोरीला सासरी भांडणात "दारुड्याची" म्हणत होते. तो एक शब्द कागदावरून पुसला जावा म्हणून मी अपघाताच्या सर्व्हेत शिरली. तिथं दोन वर्षं फिरली. फॉर्मचे गठ्ठे झाले, ते मेडिकल कॉलेजात गेले. जे फॉर्मात मावलं नाही ते माझ्यापाशी साचत गेलं. त्याला कपाट लागत नाही, पण जागा फार लागते. त्यातलं थोडं इथं उतरवते.

* * *

आधी माणसं सांगते. डॉक्टर मॅडम पुण्याकडच्या, वयानं माझ्या पोरीएवढ्या. रस्त्यावर माणसं का मरतात हे शोधायचं काम त्यांचं. राठोड सर दिग्रसकडचे, आकड्यांचे मास्तर. फॉर्म त्यांनीच बनवला होता आणि त्यावर कोणी चहाचा कप ठेवला तर त्यांचा जीव खालीवर व्हायचा. भगत काका एसटीचे रिटायर ड्रायव्हर. त्यांच्या घरी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, बाकी देवाधर्माच्या फंदात पडत नव्हते. चौथी मी. चौथी शिकलेली पण! घरातल्या बाया परक्या माणसासमोर तोंड उघडत नाहीत, म्हणून मला घेतलं.

गावातल्या लोकांनी आमचं नाव ठेवलं, "मेल्यावरचे पाहुणे."

तेव्हा कापसाचे वाईट दिवस होते. मेलेल्या शेतकऱ्याच्या घरी यायला रांग लागायची. आज कमिटी, उद्या पेपरवाले, परवा संस्था. आर्णीकडच्या एका गावात आम्ही पहिला फॉर्म भरायला गेलो. दारात एक म्हातारी. तिच्या अंगणात एक खुर्ची मांडलेली, पुसून स्वच्छ केलेली. शेजारच्या घरी कोणी औषध पिऊन गेलं होतं. तिचा पोरगा मात्र मोटरसायकलवर गेला होता.

मॅडम म्हणाल्या, "आजी, आम्ही शेजारी नाही आलो. तुमच्याकडे आलोय. रस्त्यावरच्या अपघातांची माहिती घेतोय."

म्हातारीनं खुर्ची पदरानं पुन्हा पुसली. मग म्हणाली, "शेजारी चार खेपा कमिटी आली, माय. माझ्याही पोराचं कोणी इचारायले येईन म्हणून मी रोज सकाळी खुर्ची बाहेर काढतो. बसा. तुमीच पह्यले."

मॅडम खुर्चीवर बसल्या नाहीत. खाली बसल्या. त्या दिवशी एकच फॉर्म झाला.

* * *

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, हेल्मेट होते काय? हो किंवा नाही, एकावर खूण करायची. आमच्या जिल्ह्यात या प्रश्नाला "नाही" सोडून उत्तर मिळालं की राठोड सर खुश व्हायचे.

केळापूरजवळ एका बाईनं सांगितलं, "हाव, होतं ना जी. भारीतलं होतं."

सरांनी विचारलं, "अपघाताच्या वेळी डोक्यात होतं?"

बाई उठून गोठ्यात गेली. हातात हेल्मेट घेऊन आली. आत भिजवलेली सरकी! म्हशीसाठी.

"जड लागते म्हणे त्याले," ती म्हणाली. "खुंटीलेच राहे. तो गेल्यावर म्या इचार केला, कोणाच्या तरी कामी येऊ दे."

सरांनी पेन हातात धरला, पण खूण कुठं करावी ते त्यांना समजेना. शेवटी बाईनंच विचारलं, "लिहिलं का हो?" मी म्हटलं, "लिहिलं." खोटं बोलली मी. तो रकाना कोराच गेला.

* * *

वणीच्या रस्त्यावर एक ढाबा आहे, तिथं कोळशाचे ट्रक थांबतात. ड्रायव्हर लोकांना झोपेबद्दल विचारायचं काम भगत काकांचं. कारण मॅडमनं विचारलं तर सगळे आठ तास झोपायचे!

एक ड्रायव्हर बाजेवर बसून जेवत होता. डोळे लालभडक. काकांनी बाजूला बसून विचारलं, "काहो, पोटभर झोप कधी झाली होती शेवटची?"

तो घास चावत चावत आठवत राहिला.

"मागं गाडी बंद पडली होती तवा."

"कधी पडली होती?"

"दिवाळीच्या आधी." मग हळूच म्हणाला, "काका, कोणाले सांगू नका. पण गाडी चालू करताना मी रोज म्हणतो, आजही पडली तं बरं होईन."

काकांनी तिथंच कागद घडी घालून खिशात ठेवला. गाडीत बसल्यावर म्हणाले, "मॅडम, याच्या फॉर्मवर आठ तासच लिवा. मालकाच्या हाती लागला तं हा उद्या घरी झोपून राहीन, कायमचा."

मॅडम म्हणाल्या, "काका, फॉर्मवर नाव नसतं. फक्त नंबर असतो."

काका म्हणाले, "मालकाले नंबरच पाठ असते, मॅडम. गाडीचा."

* * *

बैलगाडीला मागं दिवा नसतो. कापसाचा हंगाम आला की जिनिंगच्या कारखान्याबाहेर गाड्यांची दोन दोन दिवस लाइन, अर्धी रस्त्यावर. मागून येणाऱ्याला कापसाचा ढीग दिसतच नाही, दिसला तर ठोकल्यावर. मॅडमनं चमकणाऱ्या लाल पट्ट्यांचे गठ्ठे आणले. रिफ्लेक्टर. पोळ्याच्या आठ दिवस आधी आम्ही घरोघर वाटले. सांगितलं, गाडीला लावा, उजेड पडला की चमकते.

पोळ्याच्या दिवशी मॅडमना तोरणाखाली बैल पाहायला बोलावलं. मॅडम हौसेनं आल्या. आणि सगळ्या पट्ट्या बैलांच्या शिंगांवर! कपाळावर! एका बैलाच्या तर शेपटीच्या गोंड्यालाही. ऊन पडलं की सगळा पोळा लाल चमकत होता.

मी एका म्हाताऱ्याला धरलं. "मामाजी, हे गाडीच्या मागं लावायचं होतं ना!"

तो म्हणाला, "काहीतरीच बोलतं तू. येवढी चमकदार वस्तू अन् गाडीच्या ढुंगणाले लावू? बैलाचा वर्षातून एक दिवस येते. अन् मागून कोण पाह्यते?"

"मागून येणारा पाह्यते, बाप्पा!"

मॅडम डोळ्यात पाणी येईस्तोवर हसल्या. आम्ही पण हसलो. म्हाताऱ्यानं जाता जाता मॅडमच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, म्हणाला, "लय उपकार झाले, पोरी. असा पोळा गावानं पाह्यला नोता."

माघात त्याच म्हाताऱ्याच्या गाडीला पहाटे मागून टेम्पोनं ठोकलं. बैलांना खरचटलंही नाही. म्हातारा कापसावर मागच्या बाजूला झोपला होता.

तो फॉर्म मॅडमनी स्वतः भरला. आम्हाला हात लावू दिला नाही.

* * *

वेचणीच्या दिवसात बाया जीपमध्ये भरून शेतावर जातात. भरून म्हणजे कशा, ते एकदा फाट्यावर दिसलं. राठोड सरांनी जीप थांबवली.

"किती सीट?"

"नऊ," ड्रायव्हर म्हणाला.

सर वाकून मोजायला लागले. दोनदा मोजलं, दोनदा चुकलं. कोणाच्या मांडीवर कोण, ते समजेचना. मॅडमचा पारा चढला. म्हाताऱ्याच्या गाडीला तेव्हा महिनाही झाला नव्हता.

"ही जीप उलटली तर किती जणी मरतील कळतं का तुला? जास्तीच्या सगळ्या खाली उतरव. आत्ता!"

ड्रायव्हर शांत माणूस. म्हणाला, "उतरवतो ना, मॅडम. कोणाले उतरवू? तुम्ही बोट दाखवा."

मॅडमनं हात वर केला. आतून सगळ्या बाया त्या बोटाकडे पाहायला लागल्या. एकीच्या पदरात लेकरू. एक पोटुशी. एक इतकी म्हातारी, की तिला उतरवली असती तर पुन्हा चढवायला दोन माणसं लागली असती. आणि ज्या धडधाकट होत्या त्यांची त्या दिवशीची मजुरी जाणार. मॅडमचं बोट हवेतच राहिलं. मग त्यांनी त्याच बोटानं कपाळावरचे केस मागं केले.

आतून ती म्हातारी म्हणाली, "मॅडमबाई, तुमच्या जीपमदी जागा आहे का वो?"

होती. आमची जीप मागून रिकामीच होती.

त्या दिवशीच्या फॉर्ममध्ये राठोड सरांनी प्रामाणिकपणे लिहिलं, जास्त प्रवासी असलेल्या जीपा, दोन. एक ती. दुसरी आमची!

* * *

दर शनिवारी सरकारी दवाखान्याच्या खोलीत मीटिंग व्हायची. एकेक फॉर्म काढायचा, पंचनामा काय म्हणतो आणि घरचे काय म्हणतात ते वाचायचं, मग कारण ठरवायचं. चालक, वाहन, रस्ता, इतर. पंचनामा बहुतेक वेळा मेलेल्यालाच दोषी धरतो. कारण तो उठून भांडत नाही!

एका शनिवारी नागोरावांचा फॉर्म निघाला. राठोड सर म्हणाले, "विमलबाई, तुम्ही बाहेर बसा. नात्यातल्या माणसानं बसू नये, नियम आहे."

मी म्हटलं, "बसते. पण खिडकी उघडी राहीन."

आतून सरांचा आवाज आला. "पंचनाम्यात नशा लिहिली आहे. घरची म्हणते नाही. आता बायको नवऱ्याबद्दल दुसरं काय सांगणार?"

मी खिडकीत तोंड घातलं. "सर, तुमच्या बायकोले इचारून पाहू का?"

भगत काका हसले. सर नाही हसले. म्हणाले, "बाई, मी खोटं नाही म्हणत तुम्हाले. मला पुरावा द्या."

पुरावा काकांनी आणला. काका एकटेच पांढरकवड्याला तेलघाणीवर गेले. मी चार वर्षांपूर्वी त्याच घाणीवाल्याच्या पाया पडली होती, ठाण्यात चल म्हणून. तो म्हणाला होता, पोलिसाच्या कागदावर माझं नाव नको. काकांनी त्याला दाखवलं की इथं नावच नाही, नुसता नंबर आहे. मग तो बोलला.

"नागोरावनं पव्वा पुढं केला तं म्या गंमत केली. म्हटलं, तुम्ही कधीपासून हो? तं हासला. म्हणे, बैल फुगला, जवसाचं भरून द्या लवकर. शुद्धीत होता. उलट मलेच म्हणे, मापात मारू नको."

हे मापाचं ऐकलं आणि मला समजलं की हा माणूस खरं बोलतो. ते तसंच बोलायचे.

राठोड सर स्वतः बाहेर आले. फॉर्म माझ्यासमोर धरला. "नशा" या शब्दावर लाल पेननं आडवी रेघ मारली होती.

"मोठ्यानं वाचा," मी म्हटलं.

सरांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्या पेशंटसमोर मोठ्यानं वाचलं. "चालक नशेत नव्हता."

मी रडली नाही. घरी गेली, पेटीतून तो सदरा काढला आणि धुतला. चार वर्षांनी.

सोमवारी सर म्हणाले, "बाई, एक अडचण आहे. नशा खोडली, आता कारणाचा रकाना रिकामा आहे. रिकामा ठेवता येत नाही."

"ट्रकवाल्याचं लिहा."

"त्याले विचारल्याशिवाय कसं लिहू? तुमच्या माणसाले न विचारता लिहिलं, तेच आपण खोडलं ना?"

मी म्हटलं, "मंग इचारा! पण सोडू नका. ज्याची चूक आहे त्याचं नाव लिहिल्याशिवाय हा फॉर्म बंद करायचा नाही."

* * *

ट्रकवाल्याला काकांनी वणीत शोधून काढलं. त्यानं ट्रक सोडला होता, पंक्चर काढायचं दुकान टाकलं होतं. काका, राठोड सर आणि मी, तिघं गेलो. त्याला काय काय शिव्या द्यायच्या ते मी रस्ताभर जुळवत होती. काकांनी बजावलं, "तू कोण ते सांगू नको. सांगतलं तं तो बोलणार नाही."

काकांनी चूक कोणाची हे विचारलंच नाही. टायरवर बसले, आधी ड्रायव्हर लोकांच्या गप्पा काढल्या. कोणती गाडी, कोणता मालक. मग सहज विचारलं, "निंबाच्या वळणावर गाडी फिरवली, तवा हात कुठी होते तुमचे?"

तो माणूस ट्यूब पाण्यात धरून बसला होता. बुडबुडे येत होते. 

"जोडले होते."

"कोणाले?"

"तिथी दगड नाही का, शेंदराचा. निंबाखाली, डांबराले लागून. तो नवीन बसला होता तवा. सगळेच जोडत, म्हणून मी बी जोडत जाओ. नाही जोडले तं दिवसभर मनाले लागून राह्यते. वळण सुरू झालं का एकदम समोर येते तो. एवढंसं सोडलं असन स्टेअरिंग. वर पाह्यलं तं लुना."

राठोड सरांनी विचारलं, "लुना कोणत्या बाजूनं होती?"

"तिच्याच बाजूनं होती जी. मीच तिकडं गेलतो." मग त्यानं ट्यूब बाहेर काढली. "ठाण्यात मले कोणी इचारलंच नाही. पव्वा सापडला म्हणे, तू जा. मी गेलो. पण त्याच्यानंतर स्टेअरिंग नाही धरलं."

मी जुळवलेली एकही शिवी तोंडातून निघाली नाही. काकांना वाटलं, मी त्या माणसाला माफ केलं. मी वेगळाच विचार करत होती.

परत येताना सरांनी वळणावर जीप थांबवायला लावली. आम्ही निंबाच्या मागं धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसलो. सरांनी कागदावर दोन रकाने आखले. एकावर लिहिलं ब्रेक, दुसऱ्यावर लिहिलं हात. गाडी आली की खूण करायची. दुपारभर बसलो. ट्रक, टेम्पो, मोटरसायकल, सगळं गेलं. ब्रेकचा रकाना रिकामा रिकामाच दिसत होता. हाताच्या रकान्याला कागद पुरला नाही. कोणी एक हात उचलून कपाळाला लावायचा, कोणी दोन्ही सोडायचा. एका मोटरसायकलवाल्यानं तर डोळेही मिटले!

भगत काका डोक्याला हात लावून बसले. "हा दगड बसल्यावरही मी इथून दीड वर्ष गाडी नेली. मी जोडत नाही, म्हणून मले कधी कळलंच नाही का बाकीचे जोडतात!"

त्या शनिवारी मीटिंगला सरपंचालाही बोलावलं होतं. दगड हलवायचा तर गावाला विचारावं लागणार. मला पुन्हा बाहेर बसवलं होतं.

मॅडमनी विचारलं, "हा दगड तिथं बसवला कोणी?"

सरपंच म्हणाला, "गावानं."

"गावानं म्हणजे नक्की कोणी?"

"गावानं म्हणजे गावानं, मॅडम. आता त्यात कोणाचं नाव घेता?"

मी दार ढकलून आत गेली. नियम मला माहीत होता, तरी गेली.

"मी सांगते," मी म्हटलं. "नागोरावांच्या आधी एक वर्ष त्या वळणावर पार्वता मेली. माझी वेचणीची जोडीदारीण. जीपनं उडवलं तिले. अशी रस्त्यावर मेलेली बाई भटकू नये म्हणून आमच्याकडे तिच्या नावाचा दगड मांडतात. माणसांनी तो निंबाच्या मागं मांडला होता, धुऱ्यावर. तिथी तो रस्त्यावरून दिसत नोता. मी भांडली. म्हटलं, रस्त्यावर मेली तिले वावरात कायले लपवता? येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यात भरली पाहिजे! त्याले भेव वाटलं पाहिजे, गाडी हळू झाली पाहिजे! कोणी ऐकेना, तं मी दोन गडी लावून दगड उचलला अन् डांबराले लावून बसवला. शेंदूर मी फासला. दुरून दिसन असा, जाड."

सरपंच म्हणाला, "विमल, चूप राह्य. गावानं बसवला म्हटलं ना एकदा!"

मॅडम उठून माझ्याजवळ आल्या. "विमलताई, तुम्ही तर अपघात थांबावे म्हणून केलंत. तुमचा हेतू..."

"मॅडम, तुमच्या फॉर्ममदी हेतूचा रकाना आहे का?"



मी राठोड सरांसमोर जाऊन उभी राहिली. फॉर्म त्यांच्यापुढं उघडाच होता. लाल रेघ मारलेली, आणि खाली कारणाचा रकाना कोरा.

"लिहा सर."

सर म्हणाले, "बाई, रस्ता असं लिहितो. रस्त्यालगत दगड, असं लिहितो. फॉर्मवर नाव लिहायची पद्धत नाही."

"पंचनाम्यावर त्यांचं नाव लिहिलं, तवा होती पद्धत? तवा सगळ्यांनी वाचलं. माझ्या पोरीच्या सासरपर्यंत वाचलं! लिहा."

सरांनी काकांकडे पाहिलं. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली. सरपंच उठून बाहेर गेला.

राठोड सरांनी पेनचं टोपण काढलं. "पूर्ण सांगा," ते म्हणाले.

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं.

विमल नागोराव ढोके.